शेलारमामांची ऐंशी वर्षे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा विषय आमच्यावरच सोपविला. आम्ही "शेलारमामा" असे सांगितले. त्यांच्यातले एक गृहस्थ आमचे जुने स्नेही आहेत. ते मोकळेपणाने म्हणाले, "अहो, शेलारमामांवर तासभर काय बोलणार? म्हातारा ऐंशी वर्षांचा होता, भाच्याबरोबर कोंढाण्यावर चढला, भाचा पडला तेव्हा उदेभानाला लोळविले. संपले! पाच मिनिटांत लोक टाळ्या वाजवून घरी जातील."

स्नेह्यांचे म्हणणे खोटे नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळकरी मुलाला विचारा, तो हीच दोन वाक्ये सांगेल. वयाचा एक आकडा आणि तलवारीचा एक घाव. ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र आपण लक्षात ठेवली आणि तिच्यामागची सारी वर्षे सोडून दिली. त्या वर्षांकडे पाहावे, एवढाच आजचा बेत आहे. आपल्या पोलादपुराहून आत उमरठला जाणारा रस्ता तुम्हां सर्वांच्या पायाखालचा आहे, तेव्हा प्रदेशाचे वर्णन करून आम्ही तुमचा वेळ घेत नाही.

पहिल्याने एक गोष्ट उघड सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी आम्हांस धरावयास नको. शेलारमामा आपल्याला भेटतात ते पोवाड्यात. सिंहगडाचा पोवाडा तुळशीदास शाहिराच्या नावावर आहे. ॲकवर्थसाहेब आणि शंकर तुकाराम शाळिग्राम या दोघांनी गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात, १८९१ साली, पोवाड्यांचा जो संग्रह छापला त्यामुळे तो सुशिक्षितांच्या हाती आला. कोणी त्याला शिवकालीन मानतात. भाषा आणि तपशील पाहून तो बऱ्याच नंतरचा असावा असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. उलट, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली, तिच्यात कोंढाण्याची हकीकत आहे, तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून पडल्याचे आहे, मग तानाजीचा भाऊ सूर्याजी याने लोक सावरून गड घेतल्याचे आहे. मामांचे नाव तिथे येत नाही.

मग काय करावयाचे? इतिहासाचे कडक अभ्यासक म्हणतील, मामांना वगळा. भाविक म्हणतील, बखरीला वगळा. आम्हांस दोन्ही मार्ग घाईचे वाटतात. ज्याचे नाव कागदात नाही तो माणूस लोकांनी साडेतीनशे वर्षे का सांभाळला, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी लिहिली, १९२३ साली बाबूराव पेंटरांनी आणि १९३३ साली प्रभात कंपनीने सिंहगडावर बोलपट-मूकपट काढले, अगदी २०२० साली मोठा हिंदी चित्रपट निघाला; सांगण्याची तऱ्हा दर पिढीला बदलली, पण म्हातारा मामा कथेतून गेला नाही. जावयाचा असता तर केव्हाच गेला असता.

आता थोडे घरचे बोलतो. विषयांतर वाटेल, पण नाही.

आमचे वडील मुंबईस गिरणीत होते. आम्ही लहान असतानाच ते गेले. तिसऱ्या दिवशी चाळीच्या जिन्यावर घोंगडी खांद्यावर टाकलेला एक माणूस उभा राहिला. तो आईचा थोरला भाऊ, आमचा मामा. त्याने रडारड केली नाही, कोणाला दोष दिला नाही. ट्रंक बांधली, आईला म्हणाला, "चल, बाय," आणि आम्हां तिघां भावंडांना एस. टी.त घालून पोलादपुरास आणले. तिथून पुढे पायी. धाकट्याला त्याने खांद्यावर घेतले होते. घरी त्याची स्वतःची चार मुले, जमीन म्हणाल तर दोन खाचरे आणि बाकी सगळी वरकस. त्या दिवसापासून नाचणीच्या भाकरीचे वाटे सातांत होऊ लागले. मामीने ते कसे केले हे तिलाच ठाऊक. मामीवर एक स्वतंत्र व्याख्यान व्हावयास पाहिजे, पण तिला कोण बोलावतो!

या मामाचे वय काय, हे कोणाला सांगता येत नसे. विचारले की म्हणावयाचा, "मानमोडी आली तेव्हा मी गुरे राखीत होतो." मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएन्झाची साथ. गुरे राखणारा पोर आठ वर्षांचा धरला तर जन्म १९१० च्या सुमाराचा. नव्वदीच्या घरात तो गेला. शेवटल्या चैत्रातही राब भाजावयास तो वर गेला होता. पाठ वाकलेली, पण कवळ पसरून त्यावर माती कशी टाकावयाची हे मुलांना जमत नाही असे त्याचे ठाम मत होते. तो गेल्यावर तसबीर लावावयाची म्हणून आम्ही फोटो शोधला. मिळाला नाही. एका लग्नातल्या घोळक्याच्या फोटोत मागल्या रांगेत त्याचा अर्धा फेटा दिसतो, एवढेच. सगळ्या लग्नांत तो मांडवाच्या मागल्या बाजूस, चुलवणापाशी असावयाचा.

आम्ही शेलारमामांकडे वळलो ते त्या अर्ध्या फेट्यामुळे. मामाने आपले वय साथीवरून मोजले. तसेच शेलारमामांचे मोजून पाहू या, असे मनात आले. शाहिराचा ऐंशीचा आकडा खरा धरू. तो नुसता 'फार म्हातारा' अशा अर्थानेही असू शकेल, कारण आपल्या बोलण्यात साठी-ऐंशी हे असे ढोबळच येतात. पण धरून चालू. १६७० मधून ऐंशी वजा केले की १५९० उरतात.

म्हणजे मामा दहा वर्षांचे असताना मोगलांनी अहमदनगर घेतले, १६०० साली. ऐन उमेदीची वर्षे मलिक अंबराच्या कारभारात गेली. १६३० साली ते चाळिशीचे. त्याच वर्षी शिवनेरीस महाराजांचा जन्म झाला, आणि त्याच सुमारास दख्खनेत तो भयंकर दुष्काळ पडला ज्यात गावेच्या गावे ओस पडली. निजामशाही १६३६ साली बुडाली तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे. आपला हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांच्या छायेतला. उमरठच्या पुढे ढवळ्याच्या माथ्यावरचा चंद्रगड त्यांच्याच राज्यातला. १६५६ साली महाराजांनी जावळी घेतली, चंद्रराव रायरीवर पळाला, तोही किल्ला पडला. मामा तेव्हा सहासष्ट वर्षांचे. या वयात माणूस नवा धनी पत्करतो तो सहजासहजी नव्हे. तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, अफझलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला. ही जागा पोलादपुराहून आंबेनळीचा घाट चढले की आलीच. १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला आणि तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कोंढाणा. मामा पंचाहत्तर.

ही बेरीज-वजाबाकी करताना आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. तानाजी, सूर्याजी, येसाजी कंक हे सारे स्वराज्यातच तरुण झालेले लोक. त्यांना त्याआधीचे राज्य आठवत असले तरी लहानपणचे. मामांनी मात्र चार राजवटी कर भरून पाहिल्या होत्या. लष्कर वरून आले की वैरण जाते, खालून आले की धान्य जाते, दोन्हींकडून आले की बायकामुलांना घेऊन रानात जावयाचे, हे ज्याने पन्नास वर्षे केले त्याला 'हे राज्य आपले' हे शब्द तरुणाइतके सोपे गेले नसतील. आणि तरी तो चढला. त्याच्या ऐंशी वर्षांचे वजन त्या चढण्यात आहे, असे आम्हांस वाटते. उदेभानावरचा घाव त्यामानाने हलका.

उमरठची परंपरा आणखी एक सांगते. मालुसऱ्यांचे घर मूळचे साताऱ्याजवळ गोडोलीस. तानाजीचे वडील काळोजी मारले गेले, तेव्हा मामा आपल्या बहिणीला आणि तिच्या दोन्ही पोरांना घेऊन उमरठास आले, आणि भाचे तिथे वाढले. याला कागदाचा आधार मागाल तर परंपरेपलीकडे बोट दाखविता येत नाही. पण या डोंगरांत जो राहिला आहे त्याला ती हकीकत चमत्कारिक वाटणार नाही. आमच्या चाळीच्या जिन्यावर घोंगडी टाकून उभा राहिलेला माणूस आम्ही पाहिला आहे. बहिणीचे कुंकू गेले की भाऊ घाट ओलांडून जातो आणि तिला घेऊन येतो, हा इथला रिवाज आहे. त्याची कोणी बखर लिहीत नाही, इतकेच.

मामा या नात्याविषयी आपल्याकडे थट्टाच फार. मामाच्या गावाला जावयाचे म्हणजे आंबे-फणस आणि लाड. पण ते सुखाच्या दिवसांतले मामा. वडिलांच्या घरावर भाच्याचा हक्क असतो. मामाच्या घरावर काही नाही. तिथे जे मिळते ते देणाऱ्याच्या मनावर. सबब मामाच्या घरी वाढलेले पोर ताटाकडे बघून जेवते. आम्ही जेवलो आहोत. आमच्या मामाने एक युक्ती केली होती. तो नेहमी आमच्या नंतर बसावयाचा आणि आमच्यादेखत मामीला म्हणावयाचा, "फार वाढू नको, मघाशी खाऊन आलो." कोठून खाऊन येणार? पलीकडे रान होते.

तानाजीच्या घरी अशी युक्ती कोणी केली असेल की नाही, हे विचारणे व्यर्थ आहे. पण दोन पोरके भाचे वाढून एक मावळ्यांचा सरदार झाला, दुसऱ्याने भाऊ पडल्यावर फौज सावरली, आणि दोघांचा आपसांत बेबनाव झाल्याची कुजबूज कुठे ऐकू येत नाही. भाऊबंदकीने पोखरलेल्या त्या काळात ही लहान गोष्ट नव्हे. मोऱ्यांच्या घराचे पाहा, घोरपड्यांचे पाहा. जिथे घर धड राहते तिथे कोणीतरी वडील माणूस तोंड मिटून पुष्कळ सोसत असतो, असे आमचे तरी निरीक्षण आहे.

आता लग्नाकडे येऊ. रायबाचे लग्न उमरठास ठरलेले, माघाचा महिना. कोणी सांगतात तानाजी आमंत्रण द्यावयास राजगडास गेला. कोणी सांगतात महाराजांचा जासूद उमरठास आला. दोन्ही पाठ चालू आहेत, आम्ही त्यांत पडत नाही. आधी कोंढाणा, मग लग्न, असे तानाजीने ठरविले, हे मात्र सर्वत्र एक. या प्रसंगी तानाजीचा त्याग आपण गातो, आणि तो गावा. पण लग्नघर ज्याने चालविले आहे त्याला विचारा. मुलाचा बाप पाहुण्यांत मिरवितो. मांडवाचे वासे, तांदूळ, लाकूडफाटा, रुसलेले भाऊबंद, हे सारे घरातल्या थोरल्याच्या डोक्यावर असते. तो थोरला त्या दिवशी काठी ठेवतो आणि तलवार घेऊन भाच्याबरोबर निघतो. रायबा त्याच्या बहिणीचा नातू. मांडव तसाच उभा.

ऐंशीचा माणूस दोराने कडा चढेल काय, अशी शंका शहरातले लोक काढतात. आम्ही त्यांना सांगतो, एकदा पावसाळ्यात आमच्याकडे या. इरले घेऊन, पायात काही न घालता, शेवाळलेल्या कातळावरून गुरांमागे जाणारे सत्तर-पंचाहत्तरीचे लोक दाखवितो. गडावर प्रत्यक्ष काय घडले ते त्या अंधारालाच ठाऊक. दोर कापून परतीची वाट तोडण्याची गोष्ट बहुतेक जण सूर्याजीच्या नावावर सांगतात. कोणी ती मामांच्याही नावावर घालतात. उदेभानाचा शेवट बखरीत तानाजीच्या हातचा, लोकांच्या कथेत मामांच्या हातचा.

आमची समजूत अशी आहे. बखरकार दरबारातला माणूस. सरदार पडल्यावर फौज कोणाच्या हाती गेली, हे त्याला नोंदवावयाचे होते. ती सूर्याजीच्या हाती गेली. शाहीर गावोगाव फिरणारा, त्याच्यापुढे बसलेले लोक शेतकरी, बलुतेदार, बायाबापड्या. त्यांना फौजेपेक्षा घराची चिंता. कर्ता पुरुष गेला, आता त्या घरात कोण उभे आहे? हा प्रश्न त्यांच्या ओटीत कधी ना कधी पडलेला. शाहिराने त्यांना उत्तर दिले: म्हातारा उभा आहे. बखर आणि पोवाडा यांत खरे-खोटे करण्यापेक्षा कोण कोणाला सांगत होता एवढे पाहिले, तर पुष्कळसा वाद मिटतो. मामा नेमके होते कसे, हे पोवाड्यावरून कळत नाही. पण कसला माणूस असला म्हणजे घर तगते, हे त्या श्रोत्यांना किती पक्के ठाऊक होते, ते मात्र कळते.

आणि गड घेतल्यानंतरचा प्रवास. त्यावर पोवाडे फार थांबत नाहीत. आमचे मन मात्र तिथेच अडते. तानाजीचा देह राजगडावर आणला, आणि तिथून केळदवरून मढे घाटाने कोकणात उतरविला, अशी आपल्याकडची सांगी आहे. घाटाचे नावही त्यावरूनच पडले असे म्हणतात. ती वाट आम्ही तरुणपणी एकदा उतरलो आहोत. माथ्यावरून पाहिले की सारे महाड खोरे खाली पसरलेले दिसते. मग कर्णवाडीच्या बाजूने उतार, आणि पुढे बिरवाडीच्या अंगाला. रिकाम्या हाताने उतरताना गुडघे थरथरतात. खांद्यावर पालखी असेल तर पुढच्याने पाय रोवावयाचा, मागच्याने ओढून धरावयाचे, आणि वळणावर सगळ्यांनी थांबावयाचे. सूर्याजी गडाच्या बंदोबस्ताला राहिला असेल. म्हणजे घरचे माणूस म्हणून त्या पालखीबरोबर कोण चालले असेल, ते तुम्हीच मनात आणा. ज्या पोराला त्याने एकदा घाट उतरवून आपल्या घरी आणले होते, त्यालाच तो दुसऱ्यांदा घाट उतरवून आणीत होता. आणि उमरठात मांडव होता.

या सगळ्याचा आजच्या महाड-पोलादपुराशी संबंध काय, असे कोणी विचारील. पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांतून हिंडा. तरणी माणसे मुंबईस, सुरतेस, पुण्यास. दहापैकी किती घरांना कुलूप आहे हे आम्ही मोजले नाही, पण उघड्या घरांत पडवीवर बसलेला माणूस बहुधा सत्तरीपुढचाच असतो. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला, कित्येक संसार मोडले, तेव्हा मुंबईहून परत आलेल्यांना ज्यांनी ताट वाढले ते हेच पडवीवरचे लोक. जुलै २०२१ मध्ये आपल्या महाडात सावित्री आणि गांधारीचे पाणी दुकानांच्या माळ्यापर्यंत चढले, त्याच पावसात २२ तारखेस तळीये गाव डोंगराखाली गेले, पोलादपुरात साखर-सुतारवाडीवर आणि केवनाळ्यावर दरड आली. साखर म्हणजे तेच गाव, जिथे सूर्याजीची समाधी दाखवितात. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही त्या बाजूस गेलो होतो. एक वृद्ध गृहस्थ चिखलातून निघालेली भांडी ओढ्यावर एकेक घासून ओळीने मांडीत होते. आम्ही विचारले, "बाबा, हे तुमच्या घरचे?" म्हणाले, "नाय. ज्येंची हायती ती मुंबयसून येतील, त्येंना द्यायची." एवढे बोलून त्यांनी पुढचे पातेले घेतले. त्यांचे नाव विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

उमरठास तानाजीची समाधी आहे, आणि जवळच शेलारमामांची. माघ वद्य नवमीस तिथे लोक जमतात, भंडारा होतो, पोवाडे होतात. आम्ही पाहिले तेव्हा हार बहुतेक सगळे भाच्याच्या समाधीवर पडत होते, आणि पुजारी त्यांतलेच दोन-चार उचलून मामांकडे नेऊन ठेवीत होता. आम्हांस त्यात काही वावगे वाटले नाही. मामांनाही वाटले नसते.

रायबाच्या लग्नाचे राहिलेच. ते पुढे महाराजांनी स्वतः उमरठास येऊन लावून दिले, अशी कथा आहे. कथा खरी धरली, तर त्या मांडवात छत्रपती बसले होते, सरदार बसले होते, आणि मुलाचा बाप नव्हता. मंगलाष्टके चालू असताना बापाच्या जागी मुलाच्या पाठीशी कोण उभे राहिले, हे कोणत्याच पोवाड्यात नाही. आमचा मामा असता तर उभा राहिला असता, अक्षता टाकल्या असत्या, आणि पंगत बसण्यापूर्वी चुलवणाकडे निघून गेला असता.